परतीच्या वाटेचा माणूस : डॉ. विल्यम ओशॉनेसी

धुळ्याहून शिरपूरकडे निघालेला मुंबई–आग्रा रस्ता आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तापी ओलांडायची, शिरपूर मागे टाकायचं, सातपुड्याचा घाट चढायचा की सेंधवा आणि पुढे इंदूर. आज या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा, ढाबे आणि मोबाईलचे टॉवर दिसतात. पण या देशातल्या पहिल्या लांब तारायंत्र लाईनींपैकी एक आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूरमार्गे मुंबईला आली होती. इंदूरहून मुंबईला यायचं म्हणजे खानदेश ओलांडण्यावाचून इलाज नाही! तेव्हा रेल्वे आपल्याकडे पोचलेली नव्हती. जळगाव, भुसावळची स्टेशनं व्हायची होती. अशा वेळी खांबांवरून एक जाड लोखंडी तार शेकडो मैल धावत होती.

आता इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको की एका तारेने सर्किट पूर्ण होत नाही. करंट गेला की तो परत यायला पाहिजे. मग दुसरी तार कुठे होती? दुसरी तार नव्हतीच. परतीचं काम जमिनीकडे होतं. दोन्ही टोकांना धातूचा पत्रा जमिनीत पुरायचा आणि मधली सगळी माती आपली दुसरी तार समजायची. ही लाईन उभारणारा माणूस इंजिनिअर नव्हता. तो होता एक आयरिश डॉक्टर, विल्यम ब्रूक ओशॉनेसी. त्यांचं आयुष्य आपण वाचायला हवं, कारण आज गाडीला बाहेरची ईसीयू बसवताना आपण ज्या चुका करतो त्यांचं मूळ याच परतीच्या वाटेत आहे.

लिमरिकचा मुलगा आणि कॉलऱ्याची साथ

ओशॉनेसी यांचा जन्म 1809 साली आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरो विद्यापीठातून 1829 मध्ये त्यांनी एम.डी. पदवी घेतली. म्हणजे आपण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतो त्या वयात ते डॉक्टर झाले होते. पण लंडनमध्ये डॉक्टरकी करायला जो परवाना लागायचा तो काही मिळाला नाही. मग त्यांनी रसायनशास्त्राकडे मोर्चा वळवला आणि विषांची तपासणी वगैरे कामं सुरू केली.

1831 च्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडे सुंदरलँड येथे कॉलरा पसरला. माणसं काही तासांत निळी पडून मरत होती. डॉक्टर मंडळींचा नेहमीचा उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढणं. बावीस वर्षांचा हा तरुण तिकडे गेला, रोग्यांचं रक्त घेतलं आणि त्याचं पृथक्करण केलं. त्याला काय आढळलं? रक्तातलं पाणी आणि क्षार प्रचंड प्रमाणात कमी झालेले होते आणि तेच जुलाबात सापडत होते. म्हणजे शरीरातून जे बाहेर जात होतं ते परत येत नव्हतं. तेव्हा जे गेलं तेच शिरेतून परत द्यावं असं त्यांनी सुचवलं. हे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. 1832 च्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी त्याच मार्गाने रोग्यांच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडलं आणि मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले.

आज उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही दवाखान्यात जुलाब-उलटीच्या पेशंटला सलाईन लावलेलं दिसतं. त्यामागचा विचार या बावीस वर्षांच्या पोराचा आहे हे कितीजणांना माहीत असतं? लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी अंदाज बांधला नाही. त्यांनी मोजमाप केलं. किती पाणी गेलं, किती क्षार गेले, हे आकड्यांत काढलं. हा किती शब्द पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

कलकत्त्यातला प्राध्यापक

एवढं करूनही इंग्लंडमध्ये जम बसेना. 1833 साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक सर्जन म्हणून कलकत्त्याला आले. 1835 मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. या माणसाला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. आपल्या वैद्य-हकिमांकडून त्यांनी गांजाच्या औषधी उपयोगाची माहिती घेतली, आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मग धनुर्वात आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे रोगी तपासले आणि 1839 मध्ये त्यावर निबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकाला या औषधाची शास्त्रीय ओळख तिथून झाली. पुढे इथल्या औषधांचा मोठा ग्रंथ त्यांनी तयार केला.

आणि त्याच 1839 साली, कॉलेजचे तास सांभाळून, त्यांनी तारायंत्राचा प्रयोग केला! कलकत्त्याजवळच्या बोटॅनिकल गार्डनच्या परिसरात बांबू रोवून त्यांनी लोखंडी तार येरझाऱ्या घालत ताणली. सर्किटची एकूण लांबी होती 21 मैल. त्यातला 7000 फुटांचा भाग म्हणजे तार नव्हतीच, तो होता हुगळी नदीचा प्रवाह. नदीच्या पाण्यातूनच करंट नेला. पलीकडे संदेश कसा ओळखायचा याचेही प्रयोग झाले. त्यातला एक प्रकार म्हणजे बोटांना बसणारा विजेचा हलका चटका मोजणे! आपल्या लॅबमध्ये आज कोणी असं केलं तर लॅब असिस्टंट बाहेर काढतील, पण त्या काळी मीटर म्हणून स्वतःची बोटंच होती.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1838 मध्ये, जर्मनीत श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाला अशीच गोष्ट सापडली होती. ते रेल्वेच्या दोन रुळांचा दोन तारांसारखा उपयोग करू पाहत होते. रुळांमधला करंट जमिनीत गळत होता, त्यामुळे प्रयोग फसला. पण फसलेल्या प्रयोगातून त्यांनी ओळखलं की जमीनच परतीची तार होऊ शकते. निम्मी तार वाचली. तारायंत्र स्वस्त झालं ते यामुळेच.

कलकत्त्याच्या प्रयोगाकडे मात्र सरकारने लक्ष दिलं नाही. जवळजवळ बारा वर्षं ही विद्या कागदावर पडून राहिली. मधल्या काळात ओशॉनेसी इंग्लंडला जाऊन आले, 1843 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, परत येऊन कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करू लागले.

डलहौसी, बांबू आणि शिवचंद्र नंदी

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चक्रं फिरली. 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी सुमारे 30 मैलांची लाईन टाकली गेली. टांकसाळीतले शिवचंद्र नंदी हे बंगाली गृहस्थ त्यांचे उजवे हात. डायमंड हार्बरच्या टोकावरून संदेश पाठवायला नंदी होते आणि कलकत्त्याच्या टोकाला ओशॉनेसी. पुढे पद्मा नदीखालून सात मैलांची केबल टाकायची वेळ आली तेव्हा नंदींनी मोठी बोट न आणता कोळ्यांच्या होड्या भाड्याने घेऊन ते काम उरकलं असं सांगितलं जातं. जुगाड म्हणून आपण ज्याला हसतो त्याचं हे अस्सल उदाहरण!

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही हे ओशॉनेसींनी फार लवकर ओळखलं. तिकडे बारीक तार चालते. इकडे तारेवर माकडं झोके घेणार, घारी-गिधाडं बसणार, वादळात झाडं पडणार आणि चार महिने पाऊस कोसळणार. म्हणून त्यांनी बारीक तारेऐवजी सुमारे तीन अष्टमांश इंचाचे लोखंडी गज जोडून लाईन केली. जाड गजाचे दोन फायदे. एक म्हणजे तो तुटत नाही. दुसरा म्हणजे त्याचा रोध इतका कमी की ओल्या बांबूमधून थोडा करंट गळला तरी उरलेला पलीकडे पोचतो. जिथे लाईन जमिनीखालून न्यायची होती तिथे गजाला डांबरात भिजवलेलं मद्रासी कापड गुंडाळलं आणि तो कौलांच्या पन्हळीत वाळू व राळ ओतून बसवला. हे सगळं सामान इथल्या बाजारात मिळणारं. संदेश वाचायला त्यांनी स्वतःचं साधं गॅल्व्हनोमीटर बनवलं. सुई डावीकडे हलली की एक खूण, उजवीकडे हलली की दुसरी.

1853 च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या लाईनचं काम सुरू झालं आणि 24 मार्च 1854 ला आग्र्याहून कलकत्त्याला संदेश गेला. सुमारे 800 मैल, पाचेक महिन्यांत! रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत, आणि हा वेग. 1855 च्या फेब्रुवारीत तारायंत्र सर्वसामान्यांसाठी खुलं झालं तेव्हा मुंबई, मद्रास आणि पेशावर जोडणाऱ्या लाईनींची लांबी सुमारे 3000 मैलांवर गेली होती. 1856 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

पण एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ही तार आपल्या सोयीसाठी टाकलेली नव्हती. संस्थानं खालसा करणाऱ्या डलहौसीला फौज हलवायला ती हवी होती. 11 मे 1857 ला दिल्लीच्या तार ऑफिसातून अंबाल्याला उठावाची बातमी गेली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी सावध झाले. म्हणूनच उठाववाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, खांब उपटले. आपल्या शेजारच्या सेंधवा घाटात खाज्या नाईकांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं आणि 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांनी मोठी लढाई दिली. ओशॉनेसींच्या कामाचं कौतुक करताना त्या तारेच्या खाली कोण उभं होतं हे विसरून चालणार नाही.

1860 मध्ये त्यांनी भारत सोडला. 1861 मध्ये आडनाव बदलून ब्रूक केलं. नंतर जवळजवळ तीस वर्षं ते जगले, पण प्रकाशात आले नाहीत. 8 जानेवारी 1889 रोजी इंग्लंडमध्ये साउथसी येथे त्यांचं निधन झालं. त्यांनी सुरू केलेली तार सेवा मात्र आपल्याकडे 2013 च्या जुलैपर्यंत चालली.

जमीन शून्य नसते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जमिनीला परतीची तार करणं ही युक्ती चालली, कारण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या. पहिली, तेव्हा त्या जमिनीत दुसरा कोणाचा करंट नव्हता. दुसरी, तारायंत्राला फक्त डावं की उजवं, आहे की नाही एवढंच ओळखायचं होतं. सुई थोडी कमी हलली काय आणि जास्त हलली काय, अक्षर तेच.

पहिली गोष्ट लवकरच संपली. 2 सप्टेंबर 1859 ला सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाने जगभर खळबळ उडवली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे. अमेरिकेत तर काही तार ऑफिसांनी बॅटरी काढून टाकली आणि जमिनीतून वाहणाऱ्या करंटवरच संदेश पाठवले! म्हणजे दोन गावांच्या जमिनी एका पातळीवर नव्हत्या.

पुढे टेलिफोन आला. त्यालाही सुरुवातीला एक तार आणि जमीन अशीच जोडणी होती. मग 1880 नंतर शहरांत विजेच्या ट्राम आल्या. त्यांचा भरमसाठ करंट रुळांतून आणि जमिनीतून परत जायचा, आणि शेजारच्या टेलिफोनमध्ये माणसाच्या आवाजाऐवजी घरघर ऐकू यायची. कारण टेलिफोनला आहे की नाही विचारून भागत नाही. त्याला आवाज किती, हे कळावं लागतं. शेवटी टेलिफोन कंपन्यांनी जमिनीचा नाद सोडून प्रत्येक लाईनला स्वतःची दुसरी तार दिली. खर्च दुप्पट झाला, पण आवाज स्वच्छ झाला.

हा प्रकार आपल्या शेतातही दिसतो. विहिरीवर एक फेज मिळाली की काहीजण न्यूट्रलऐवजी लोखंडी सळई जमिनीत ठोकून दिवा लावतात. पावसाळ्यात दिवा झकास आणि मे महिन्यात मिणमिणता! मग खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओततात. जमीन कोरडी झाली की परतीची वाट अरुंद होते, हे शेतकऱ्याला पुस्तक न वाचता माहीत असतं. (हा उद्योग बेकायदा तर आहेच आणि जीवघेणाही आहे. त्या सळईला हात लागून माणसं आणि गुरं दगावतात.)

गाडीची बॉडी म्हणजे आपली जमीन

गाडीत नेमकं हेच आहे. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडला की लाईट, हॉर्न, पंप, स्टार्टर या सर्वांना एकच तार न्यायची आणि परतीला बॉडी वापरायची. मेकॅनिक याला बॉडी अर्थ म्हणतात. हेडलाईटला हे चालतं, कारण तो तारायंत्रासारखा आहे. थोडा कमी-जास्त पेटला तर काही बिघडत नाही. पण ईसीयूचे सेन्सर टेलिफोनसारखे आहेत. ते किती हे विचारतात.

फॉर्म्युला स्टुडंटची गाडी असो की जुन्या जिप्सीला बसवलेली बाहेरची ईसीयू, वायरिंग करताना पोरं सेन्सरची काळी तार जवळचा एखादा बोल्ट बघून त्याला आवळतात. किंवा फ्युएल पंपाच्या अर्थला जोडून देतात. मीटर लावला तर बीप वाजतो. सगळे खूश!

आता हिशोब बघू. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.0175 ओहम असतो. लग आणि जोड धरून 0.02 ओहम समजा. पंप 10 अँपिअर घेतो. ओहमच्या नियमाने त्या एक मीटर तारेवर 0.2 व्होल्ट पडतात. सेन्सरची काळी तार याच तारेच्या पंपाकडच्या टोकाला जोडली असेल, तर सेन्सरचा शून्य ईसीयूच्या शून्यापेक्षा 0.2 व्होल्ट वर बसला.

इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा नेहमीचा थर्मिस्टर घ्या. 100 अंशाला त्याचा रोध सुमारे 186 ओहम, 80 अंशाला सुमारे 322. ईसीयूच्या आत 5 व्होल्टला 2490 ओहमचा रोधक आहे असं धरू. इंजिन खरोखर 100 अंशाला असताना ईसीयूला सुमारे 0.35 व्होल्ट दिसायला हवेत. चुकीच्या अर्थमुळे दिसतात सुमारे 0.53. त्यावरून ईसीयू तापमान काढते 83 अंशांच्या आसपास!

सतरा अंशांचा फरक. पंखा 90 ला सुरू व्हायला सांगितला असेल तर तो सुरूच होणार नाही. स्क्रीनवर 83 बघून ड्रायव्हर निर्धास्त आणि आत पाणी उकळायच्या बेतात. आपल्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात. हेड गॅस्केट जायला किती वेळ लागणार? आणि दोष मात्र सेन्सरला किंवा ईसीयूला. नवा सेन्सर बसवला तरी तोच आकडा येतो, कारण सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

उलटही होतं. ईसीयूची स्वतःची अर्थ तार बारीक असेल आणि इंजेक्टर-कॉईलचा सगळा करंट तिच्यातून परत जात असेल, तर ईसीयूचाच शून्य वर उचलला जातो. मग ब्लॉकवर अर्थ केलेला तोच थर्मिस्टर इंजिन आहे त्यापेक्षा गरम असल्याचं सांगतो आणि ईसीयू इंधन लवकर कमी करते. शिवाय कॉईल आणि इंजेक्टरचा करंट झटक्यांनी येतो, त्यामुळे हा फरक स्थिर राहत नाही. थ्रॉटल हललं नसताना आकडा नाचतो. क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये असा झटका घुसला तर ठिणगीच भलत्या वेळी पडते.

मग करायचं काय?

टेलिफोनवाल्यांनी केलं तेच. प्रत्येक सेन्सरला परतीची स्वतःची तार.

1. ज्या सेन्सरला दोन किंवा तीन पिना आहेत त्यांची अर्थ तार ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड या पिनेलाच परत न्या. बॉडीला नाही, ब्लॉकला नाही.

2. त्या सेन्सर ग्राउंडला पंप, पंखा, रिले, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर यांपैकी काहीही जोडू नका. ती पिन बाहेर कुठेही बॉडीला टेकवू नका.

3. ईसीयूच्या पॉवर ग्राउंडच्या तारा जाड आणि आखूड ठेवा. त्या सर्व इंजिनच्या हेडवर किंवा ब्लॉकवर एकाच जागी आवळा. रंग आणि गंज घासून चकचकीत धातू दिसला पाहिजे.

4. बॅटरी ते ब्लॉक आणि ब्लॉक ते चासी असे दोन्ही जाड पट्टे हवेतच. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे ते आपोआप चासीला जोडलेलं नसतं. हा पट्टा सुटला तर स्टार्टरचा शंभर-दोनशे अँपिअर करंट मिळेल ती वाट शोधतो. सेन्सरची तार बॉडीला टेकवलेली असेल तर ती वाट ईसीयूमधून जाऊ शकते!

5. क्रँक सेन्सरच्या शील्डेड तारेची जाळी एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला जोडा. दोन्ही टोकांना जोडली की जाळीतूनच करंट वाहू लागतो.

6. तपासणी बीपवर करू नका. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी थोडा करंट सोडतो, त्याला 0.02 ओहम म्हणजे काहीच नाही. इंजिन चालू ठेवा, पंखा, हेडलाईट, पंप सर्व चालू करा आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला व दुसरं ईसीयूच्या पॉवर ग्राउंड पिनेला लावा. मग तसंच सेन्सरच्या काळ्या पिनेपासून ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडपर्यंत मोजा. पहिल्या ठिकाणी काही मिलिव्होल्ट दिसले तर चालतील. दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ शून्यच पाहिजे, कारण त्या तारेत सेन्सरच्या किरकोळ करंटशिवाय दुसरं काही वाहायलाच नको.

शेवटी एवढंच

ओशॉनेसींनी जमिनीवर भरवसा ठेवला तो आंधळेपणाने नाही. आपल्या यंत्राला काय विचारायचं आहे हे त्यांना माहीत होतं. डावं की उजवं एवढंच विचारायचं, म्हणून गळका बांबू आणि ओली माती चालली. पण कॉलऱ्याच्या रोग्यासमोर बसले तेव्हा त्यांनी किती हा प्रश्न विचारला आणि तिथे त्यांनी अंदाजावर काम भागवलं नाही. रक्तातून काय गेलं आणि काय परत आलं नाही, हे तोलून पाहिलं. जिथे हो-नाही पुरतं तिथे सामायिक वाट चालते आणि जिथे प्रमाण मोजायचं तिथे परतीची वाट वेगळी ठेवावी लागते, हा धडा इंजिनिअरिंगच्या प्रत्येक शाखेला लागू आहे.

आपण प्रोजेक्ट करताना प्लसच्या तारेला फार जपतो. फ्यूज लावतो, रंग ठरवतो, टेप गुंडाळतो. काळी तार मात्र दिसेल त्या बोल्टला आवळून मोकळे होतो. पुढच्या वेळी वायरिंगचा आराखडा काढाल तेव्हा आधी काळ्या तारा काढा आणि प्रत्येकीच्या बाजूला लिहा की हिच्यातून किती अँपिअर परत जाणार आहेत आणि ती कोणाबरोबर वाट वाटून घेते आहे. अर्धा तास लागेल. पण त्या अर्ध्या तासात एखादं इंजिन, एखादी स्पर्धा आणि मित्रांची वर्षभराची मेहनत वाचेल.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी